तोंडी लागणारा कप

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. माझ्या मामाचं भरलं. आयुष्याची कमावती वर्षं सगळी त्याने दातच कोरले.

मामा दातांचा डॉक्टर नव्हता. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घ्यायचे, तो ठसा डबीत घालून मामाकडे यायचा आणि मामा त्यावरून दात बनवायचा. चष्म्याच्या दुकानाच्या वर त्याची खोली होती, बोळासारखी लांबुळकी. भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, सगळे आ वासून. अर्ध्या शहराची तोंडं तिथे उघडी पडलेली होती. मामाला माणसं चेहऱ्याने ओळखू यायची नाहीत, दातांनी यायची. रस्त्यात कुणी हसून हात केला की हाही हात करायचा आणि माझ्या कानात म्हणायचा, "कोण आहे कुणास ठाऊक. पण वरचा सुळा माझा आहे."

खोलीच्या टोकाला कुकरएवढी भट्टी होती. चिनी मातीची भुकटी पाण्यात कालवून, बारीक ब्रशने थरावर थर चढवून मामा दात घडवायचा आणि त्या भट्टीत भाजायचा. मी शाळेतून येताना तिथे बसायचे. एकदा त्याने मला दोन दात दाखवले. एक पांढराशुभ्र, गुळगुळीत. दुसरा हिरडीशी किंचित पिवळट, मधे केसाएवढी रेघ, एक कोपरा झिजल्यासारखा.

"खोटा कुठला?" त्याने विचारलं.

"पांढरा."

"दोन्ही खोटे. पण दुसऱ्यात खोट घातलीय मी. खोट घातल्याशिवाय खोटा दात खरा वाटत नाही. ही आपली विद्या."

ही विद्या त्याला फार चांगली येत होती. डॉक्टर त्याला मिस्तरी म्हणायचे आणि अवघड दात त्याच्याकडेच पाठवायचे. काम चालू असताना मामा दगडासारखा स्थिर असायचा. एरवी मात्र त्याला पळभर बसवत नसे. आजी त्याला भिंगरी म्हणायची. लहानपणीच्या एकाही फोटोत त्याचा चेहरा धड आलेला नाही. मान तरी हललेली, हात तरी. जेवायला बसला की ताटातले चमचे सरळ कर, समोरच्याच्या कॉलरवरचा दोरा तोड, मधेच उठून खिडकीची कडी बसते का बघ. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, म्हणायची, "ह्याला बसवायचं तर ह्याच्या हातात कुणाचा तरी दात द्यावा लागतो."

मग मशीन आलं. तोंडात कॅमेरा फिरवायचा, पडद्यावर दात दिसतो, आणि बाजूच्या खोक्यात तो आपोआप कोरला जातो. एकेका डॉक्टरने ते घेतलं. मामाकडे येणाऱ्या डब्या कमी होत होत बंद झाल्या. त्याने जबडे पोत्यात भरले, भट्टी घरी आणली आणि चष्मेवाल्याला किल्ली दिली. तो साठीला टेकला होता, हात पूर्वीसारखेच पक्के होते, आणि त्या हातांना काही काम नव्हतं.

घरात त्याने जे मांडलं, ते मामीच जाणे. कुरकुरणारी दारं घासली, मग न कुरकुरणारी घासली. नळ उघडून पुन्हा बसवले. मामीच्या चष्म्याच्या काड्या टोचतात म्हणून इतक्या तासल्या की चष्मा नाकावरून आपला आपण चालायला लागला.

मामी मोटार शिकवते. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो, आणि माझ्या मते तो ब्रेक ती घरीही घेऊन येते. तिने मामाला बरेच महिने हळूहळूच थांबवून पाहिलं. मग एक दिवस कचकन दाबला.

"माझ्याकडे एक बाई गाडी शिकायला येतात," ती म्हणाली. "वय तुमच्याएवढंच. चौकात आल्या की डोळे मिटतात. पण भांडी फार नामी करतात. मातीची. जपानात राहून शिकून आल्यात, एका म्हाताऱ्या कुंभाराकडे. तिथे जा तुम्ही."

"कसली भांडी?"

"वाकडी."

"वाकडी का? येत नाहीत म्हणून?"

"नाही हो. तशी होऊ देतात. काठ सगळीकडे सारखा नको, रंग सगळीकडे पोचायला नको. जे अपुरं राहिलं, झिजलं, त्यातच शोभा बघायची. वाबी-साबी म्हणतात त्याला."

"जुळ्या बहिणींची नावं वाटतात."

"तर मग जाऊन भेटून या दोघींना. नाहीतर मी तरी घर सोडते."

बाईंची कार्यशाळा एका बंद पडलेल्या लाँड्रीत होती. फरशीला उतार, मधे पाणी जायची जाळी, भिंतीवर इस्त्रीच्या वाफेचे जुने डाग. एका बाजूला चाकं, एका बाजूला भट्टी, आणि फळ्यांवर बाईंचे वाडगे. राखेच्या रंगाचे, ओल्या दगडाच्या रंगाचे. कुणाचा काठ एका जागी खाली आलेला, कुणाच्या बुडाशी रंग पोचायच्या आत थबकलेला. मामाने त्यातला एक उचलला तो खाली ठेवलाच नाही. नंतर मला म्हणाला, "आयुष्यभर मी हेच केलं, आणि मला कुणी सांगितलं नाही की ह्याला नाव आहे!"

तो जाऊ लागला. इतरांना चाकावर मातीचा गोळा मधोमध बसवायलाच महिने लागतात. मामाला ते चार-दोन खेपांत जमलं. पावसाळा संपेपर्यंत तो असे वाडगे करायला लागला की बाकीचे शिकणारे आपली चाकं सोडून बघायला यायचे. बोटाने हलकेच दाबल्यासारखा खळगा. बाहेरून उतरता उतरता थांबलेला ओघळ. आत राखेचे तुरळक ठिपके, जणू वाऱ्याने उडून पडलेले. मामी सुटली. मी आणि आई एकेक वाडगा घेऊन आलो. तेव्हा वाटलं, भिंगरीला जागा मिळाली.

हिवाळ्याच्या सुरुवातीला बाईंनी वाचनालयाच्या तळमजल्यावर प्रदर्शन मांडलं. स्वतःची भांडी, आणि एका टेबलावर शिकणाऱ्यांची. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बराच वेळ फिरले, एक वाडगा दोन्ही हातांत धरून बाईंकडे आले आणि म्हणाले, "हे तुमचं सगळ्यांत उत्तम काम."

"माझं नाही ते," बाई म्हणाल्या. "ह्यांचं."

मामा इतका हसला की मागच्या दाढा दिसल्या.

पुढच्या वर्गाला तो गेला तेव्हा बाईंनी त्याचेच पाच-सहा वाडगे टेबलावर ओळीने लावून ठेवले होते. सगळे एकमेकांपासून वेगळे होते. बाई त्यांच्यासमोर बसून होत्या, हनुवटीला हात लावून.

"हा ओघळ इथे थांबणार, हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"म्हणजे काय!" मामा खुशीत म्हणाला. "त्याच्याखाली मेण लावलं होतं मी. रंग पुढे जाणारच नाही."

"आणि हे ठिपके?"

"टूथब्रशने उडवले. आधी कागदावर सराव केला."

बाईंनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "दात छान झालेत."

मामाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"रागावू नका," बाई म्हणाल्या. "हात माझ्यापेक्षा चांगला आहे तुमचा. पण ही खोट तुम्ही वरून लावलेली आहे. तिला काही कारणच नाही."

"आणि तुम्ही काठ दाबता तो? तुमचा अंगठा काय झोपेत जातो तिथे?"

आता बाईंचा चेहरा उतरला. "जातो कधीकधी मुद्दाम," त्या म्हणाल्या. "पण मला ते टोचत राहतं. तुम्हाला टोचत नाही."

मामाने ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि घरी आला. त्याच दिवसापासून त्याला टोचायला लागलं.

त्याने एक जुनं चाक मिळवून गॅलरीत बसवलं. म्हणाला, ठरवून न करता करायला कितीसं लागतं? डोळे मिटून केलं. वाडगा सुंदरच झाला, हुबेहूब आधीच्यासारखा. डाव्या हाताने केलं. दोन दिवसांत डावा हात उजव्याएवढा हुशार झाला. मामीचे लोकरी हातमोजे घालून केलं. मोजे वाया गेले, वाडगा नाही. मग त्याने मला बोलावलं.

"मी चाकावर असताना तू कधीही येऊन माझ्या कोपराला धक्का दे. सांगू नकोस."

मी दबकत गेले आणि दिला. त्याचं कोपर माझी वाटच बघत होतं. धक्का बसल्याबरोबर ते अगदी हवं तेवढंच हललं, काठाला एक देखणी लाट आली आणि मामाने चाक थांबवून कपाळाला हात लावला. मातीचाच हात.

घरभर चिखल झाला. मामीच्या गाडीच्या किल्लीला माती, पावाला माती. "अति तिथे माती म्हणतात," ती म्हणाली, "ते आपल्या घरावरूनच म्हणतात." मामाने सगळे वाडगे फोडले आणि चाकावर चादर टाकली.

त्यानंतर तो नुसता फिरायचा. सकाळी निघायचा तो दुपार कलली की घरी. मी एक-दोनदा बरोबर गेले. तो पोपडे निघालेल्या भिंतींपुढे उभा राहायचा. सरकारी कचेरीच्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात, त्यांच्यावर बसून हात फिरवायचा. गळक्या नळाखाली बेसिनवर पडलेला तांबूस डाग बघत बसायचा. "ह्या पायरीला कसं जमतं?" तो मला म्हणाला. "हिला काय येतं? काही नाही. आणि मला सगळं येतं." बोलता बोलता उठलाही, पुढच्या गल्लीत गेलाही. त्याच्या मागे चालताना मला धाप लागत होती. तो बारीक झाला होता. चपलांच्या टाचा एका बाजूने पार गेल्या होत्या आणि तो त्याही काढून निरखायचा.

अशात आईचं तोंड वाकडं झालं.

सकाळी दात घासून चूळ भरली, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून खाली ओघळलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू उतरलेली, डोळा मिटत नव्हता, ओठ लोंबत होता. आम्ही धावतच दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजलीय. बरं होईल, पण किती आणि कधी, ते सांगता येत नाही.

आई कपडे बेतून, दुरुस्त करून देते. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान आहे. कपडा अंगावर बसवताना टाचण्या ओठांत धरायची तिची जन्माची सवय, आणि त्या धरून ती बोलायचीसुद्धा. आता टाचण्या ओठांतून गळून गिऱ्हाइकाच्या पायाशी पडायला लागल्या. तिने टाचण्यांची उशी मनगटाला बांधली. दुकानातल्या उंच आरशावर कापड टाकलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, काच तडकलीय. गिऱ्हाइकं तिच्याशी बोलताना टेपकडे बघायची, शिवणयंत्राकडे बघायची, छताकडे बघायची. मीसुद्धा.

सगळ्यात वाईट होता चहा. आईला दिवसाला कितीतरी चहा लागतो, आणि तो शेजारणीबरोबर, दारात उभं राहून, गप्पा मारत लागतो. आता ती स्वयंपाकघराचं दार लावून, गळ्याशी टॉवेल धरून एकटी प्यायची. मी नळी आणून दिली. दोन दिवस ओढून तिने ती फेकली. "नळीने चहा म्हणजे टपालाने जेवण," म्हणाली. शेजारीण दाराशी आली तर आतूनच सांगायची, झाला माझा.

मामा ही बातमी ऐकून आला तो थेट तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या तोंडाकडे बघायला लागला. अगदी जवळून, टक लावून. इतक्या दिवसांत कुणी तसं बघितलं नव्हतं.

"हस बघू."

"चालता हो."

"हस गं ताई. उजवीकडून. हं. आता पाणी पी."

"मी काय सर्कस आहे?"

"पी."

आई प्यायली. पाणी हनुवटीवर आलं. मामाने ते बोटाने पुसलं आणि बोट तिथेच ठेवलं. "उजवा ओठ कपाला घट्ट बसतो. डावा बसत नाही. तिथून निसटतं. कपाचा काठ सरळ आहे आणि तुझं तोंड सरळ नाही."

"तोंड सांभाळून बोल."

"तेच करतोय," मामा म्हणाला आणि उठून गेला.

तासाभराने परत आला तो दातांचे ठसे घ्यायची मऊ गुलाबी लुकण घेऊन. कपाच्या काठाला ती सगळीकडून थापली आणि आईला म्हणाला, चहा पिताना धरतेस तसा ओठांना लाव आणि हलू नकोस. लुकण घट्ट होईपर्यंत आई कप तोंडाला लावून बसली. बोलता येईना, तर डोळ्यांनी शिव्या देत होती. एक डोळा मिटत नव्हता, त्याने जास्तच. मी हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबली. आईला ते दिसलं आणि तीही हसली, आणि ठसा बिघडला. पुन्हा केला.

मामाला भट्टी हवी होती. दातांची भट्टी कपाला पुरणारी नव्हती. तो लाँड्रीत गेला. बाईंशी झालेल्या वादाचा विषय त्याने काढला नाही, त्यांनीही नाही. "मला कोपऱ्यातलं चाक द्या आणि भट्टीत थोडी जागा," म्हणाला. बाई म्हणाल्या, "घ्या की."

पहिला कप आला. डावीकडचा काठ पाणी अडवायला उंच केलेला, तो इतका उंच झाला की आईच्या नाकात गेला. दुसरा भट्टीत पिळवटला. चिनी माती भाजल्यावर किती आकसते हे मामाला पाठ होतं, पण ही माती वेगळी. ती आपल्या मर्जीने आकसायची. त्या कपातून आईने घोट घेतला तर चहा गालावरून कानाकडे निघाला. तिसऱ्याचा काठ पाण्याला ठीक होता, पण गरम चहाला जाड. "ओठ भाजत नाही, पण चहा लागतही नाही," आई म्हणाली. "दगड चोखल्यासारखं वाटतं."

"जाड कुठे आहे? नेमकं सांग."

"इथे. नाही, इथे. अरे हात काढ, दाखवते."

दोघं भांडायची. मामा दिवसाआड यायचा, बोटाने तिच्या ओठाची कड चाचपायचा, निम्म्यात उठून निघायचा, जिन्यातून परत यायचा. "कान उजवीकडे नको, थोडा मागे हवा. मनगट वळलं पाहिजे." कप सुबक दिसतो का, हे त्याने एकदाही विचारलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही. आई तर म्हणायची, "दुकानात ठेवला तर गिऱ्हाईक पळून जाईल."

मग एक कप आला. डावा काठ गालाशी टेकेल असा भिंतीसारखा वर आलेला, उजवीकडे पानाच्या टोकासारखी पातळ जीभ, कान भलत्याच जागी. रंग काळपट, कारण बाईंकडे त्या दिवशी तोच रंग कालवलेला होता. मी चहा ओतला. आईने सवयीने टॉवेल घेतला, कप तोंडाला लावला. आम्ही दोघं तिच्या हनुवटीकडे बघत होतो. ती सावकाश प्यायली. पुन्हा प्यायली. हनुवटी कोरडी. शेवटचा घोट घेताना तिने मान मागे टाकली, किती दिवसांनी टाकली, आणि कप माझ्यापुढे धरला.

"आणखी आहे?"

मामा खिडकीशी जाऊन कडी बसते का बघायला लागला. बराच वेळ तो कडीच बघत होता.

दुसऱ्या दिवशी आई तो कप घेऊन दारात उभी होती आणि शेजारीण तिच्या दारात. दोघींना महिन्याभराचं बोलायचं होतं. त्याच आठवड्यात आरशावरचं कापड तिने कापून त्याच्या पिशव्या शिवल्या.

आपल्याला लायसन्स मिळाल्याचं मामीला दाखवायला बाई स्वतः गाडी चालवत निघाल्या, त्या मामा-मामीला घेऊन आमच्याकडेच आल्या. फाटकाशी गाडी तीनदा मागेपुढे झाली. मामीचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेलाच होता, नुसत्या सवयीने. आत आल्यावर बाईंनी कप मागितला. दोन्ही हातांत घेऊन फिरवला, बूड पाहिलं, आतून पाहिला. मग मला म्हणाल्या, "थोडा चहा घालशील ह्यात?"

त्यांनी कप तोंडाला लावला आणि सगळा चहा कुडत्यावर सांडला.

"मला ह्यातून पिताच येत नाही," त्या म्हणाल्या.

"येणार नाहीच," मामा म्हणाला. "ते तोंड तुमचं नाही."

बाई हसल्या. रुमालाने छाती पुसत कप उजेडात धरला. "इथे कानाखाली तुमच्या बोटाचा ठसा राहिलाय."

"कुठे?" मामाने चष्मा लावला. "अरेच्चा! हा कसा राहिला? द्या इकडे, घासून आणतो. पाच मिनिटांचं काम."

आईने बाईंच्या हातातून कप काढून घेतला. "हात लावशील तर बघ."

"अगं, साफ करतो."

"ते तुझ्या बायकोचा चष्मा साफ केलास तसंच ना? नको."

जाताना दारात बाई मामाला म्हणाल्या, "ते कोपऱ्यातलं चाक तुमचंच समजा." मामाचं लक्ष नव्हतं. तो अजून आईच्या हातातल्या कपाकडे बघत होता. पुढे कितीतरी दिवस तो आला की कप शोधायचा. आई कप कपाटात, शिवायच्या कपड्यांखाली ठेवायला लागली.

ज्या बाई आईला चेहऱ्याचे व्यायाम शिकवायला यायच्या, त्यांनी तो कप पाहिला आणि मामाचा पत्ता घेतला. मग एक गृहस्थ आले, ऑपरेशननंतर त्यांचा खालचा ओठ अर्धाच उरला होता. मग एक आजी, त्यांचे हात इतके कापायचे की कप ओठापर्यंत पोचायच्या आत रिकामा. मामा पिशवीत लुकण घेऊन शहरभर पळायला लागला. लोकांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसतो. वाटेल ते विचारतो. काही जण रागावतात. काही कप नीट बसतात, काही बसत नाहीत, आणि न बसलेल्या कपापायी तो मामीला जेवताना ठशांचे तुकडे दाखवत बसतो. बाईंनी एकदा सुचवलं, ह्या कपांचं प्रदर्शन करूया. मामा म्हणाला, "रिकामे नाहीत हो. लोक पितायत त्यांतून." तो शांत झाला असं मला म्हणता येणार नाही. मामी तर म्हणते, आधी बरा होता. निदान घरात तरी सापडायचा.

मधे वर्ष गेलं. एक दिवस आई कपाटातून कप काढून ओरडली, "ह्या भिंगऱ्याने घासलाच शेवटी!" चहा तिच्या हनुवटीवर आला होता. मामाला फोन करून तिने असं झाडलं की तो तसाच, एका पायात मोजा घालून आला.

"शपथ घेतो, मी हात लावलेला नाही."

"मग सांडला कसा? काल-परवापासून सांडतोय."

मामाने कप घेतला, काठावरून अंगठा फिरवला, परत ठेवला. मग तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "पी," म्हणाला. ती प्यायली. तो उंच काठ डाव्या ओठाला ढकलत होता. ओठ त्याला उलटा रेटत होता, आणि मधून चहा येत होता.

"कप तोच आहे, ताई," मामा म्हणाला. "ओठ जोर करतोय तुझा. डावा."

आईने गालाला हात लावला.

"आता हा कप नाही चालायचा. नवा लागेल. काठ निम्मा खाली." तो खिशात लुकण शोधत होता. "टाक तो."

"टाकणार नाही."

"बरं, ठेव. बस इथे, ठसा घेतो."

तेव्हापासून दोन झाले. एक भट्टीत फुटला, दुसरा तिला थोडे दिवस बसला आणि मग तोही बसेना, कारण ओठ आणखी सुधारला. आता मामा पुढचा करतोय.

परवा मी दुकानात गेले तर आई शेजारणीच्या दारात उभी होती आणि तिच्या हातात शेजारणीचा कप होता. साधा, गोल, सरळ काठाचा. ती प्यायली, डाव्या कोपऱ्यात एक थेंब आला, तो तिने बोटाने टिपला आणि बोलत राहिली. मला पाहून जरा दचकली.

"मामाला सांगू नकोस," ती घरात आल्यावर म्हणाली. "त्याने माती भिजवलीय."

मी नाही सांगितलं. संध्याकाळी मामा ठसा घ्यायला आला. तिच्यासमोर बसला, हनुवटी धरली, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिला. ह्या माणसाला रस्त्याच्या पलीकडून दात ओळखू येतात. आईने नजर वळवली.

"थोडं बाकी आहे अजून," मामा म्हणाला.

"आहे ना," आई म्हणाली. "आहेच."

आणि तिने तोंड उघडलं.